घरातल्या रेडिओ लहरी कशा मोजाव्यात, त्यांचे स्रोत कसे शोधावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरभर मीटर फिरवून आकडे टिपलेली माणसं विचारतात, "एवढं रीडिंग आलं, हे जास्त आहे का?" बहुतेक वेळा त्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. तो कोणत्या वस्तूचा, किती अंतरावरून आणि मीटरच्या कोणत्या सेटिंगवर घेतला, हे कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून खालच्या उत्तरांत भर स्रोत शोधण्यावर आहे. स्रोत सापडला की उरलेलं काम बरेचदा एखादी वस्तू दोन हात सरकवण्याचं किंवा तिची एक सेटिंग बदलण्याचं असतं.

उच्च वारंवारतेच्या लहरी म्हणजे नेमक्या कोणत्या?

साधारण १०० किलोहर्ट्झपासून ३०० गिगाहर्ट्झपर्यंतच्या विद्युतचुंबकीय लहरी. एफएम रेडिओ ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झवर चालतो, मोबाइलचे बहुतेक पट्टे ७०० मेगाहर्ट्झ ते ३.८ गिगाहर्ट्झच्या दरम्यान येतात, वायफाय २.४, ५ आणि नव्या उपकरणांत ६ गिगाहर्ट्झवर. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे दोघेही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास.

रेडिएशन म्हटलं की एक्स-रे डोळ्यांसमोर येतो. इथे तो प्रकार नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सुमारे एक लाखाव्या भागाएवढी असते, आणि रेणूतला इलेक्ट्रॉन उडवायला साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. या लहरींचा पक्का सिद्ध झालेला परिणाम म्हणजे शरीरात निर्माण होणारी उष्णता. सुरक्षा मर्यादा त्याच आधारावर ठरवलेल्या आहेत.

भिंतीतल्या वायरिंगभोवतीचं ५० किंवा ६० हर्ट्झचं क्षेत्र हा वेगळा विषय. त्याला वेगळा मीटर लागतो. इंडक्शन शेगडीही काही दहा किलोहर्ट्झवर चालते, त्यामुळे रेडिओ लहरींच्या मीटरला ती दिसतच नाही. तिच्याजवळ मीटर शांत राहिला म्हणून तिथे काहीच नाही असं समजू नका, आणि वायरिंगची शंका असेल तर हा मीटर घेऊन भिंती चाचपत बसू नका.

मोबाइलवरच्या ॲपने मोजता येतं का?

नाही. "रेडिएशन डिटेक्टर" नावाची बरीच ॲप्स फोनमधल्या होकायंत्राच्या सेन्सरचं रीडिंग दाखवतात. तो सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो. लोखंडी कपाटाजवळ किंवा स्पीकरजवळ नेला की आकडा उसळतो. रेडिओ लहरींशी त्याचा संबंध नाही.

एका प्रकारचं ॲप मात्र खरोखर कामाचं आहे: वायफाय ॲनालायझर. आजूबाजूच्या सगळ्या वायफाय नेटवर्कची नावं, चॅनेल आणि सिग्नलची ताकद ते डीबीएम या एककात दाखवतं; आकडा जितका जास्त उणे, तितका सिग्नल क्षीण. राउटरशेजारी हा आकडा उणे ३० च्या आसपास असतो, दूरच्या खोलीत उणे ७० किंवा उणे ८०. दर १० डीबीला शक्ती दहापट बदलते. शरीरापर्यंत किती पोचतं हे त्यातून कळत नाही, पण घरात कोण कोण प्रसारण करतंय याची यादी फुकटात मिळते. मीटर विकत घेण्याआधी हे करा.

मीटर घेताना काय पाहावं?

आधी वारंवारतेची वरची मर्यादा. काही मीटर २.५ किंवा ३ गिगाहर्ट्झपाशीच थांबतात. त्यांना ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसत नाही, आणि ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचं ५जी-ही निसटतं. आजच्या घरासाठी निदान ६ गिगाहर्ट्झपर्यंत, जमलं तर ८ पर्यंतचा मीटर हवा.

मग अँटेना. तीन अक्षांचा मीटर सगळ्या दिशांनी येणारं एकत्र मोजतो; पलंगावर, खुर्चीत एकूण किती आहे हे पाहायला तो सोयीचा. दिशादर्शक अँटेनाचा मीटर, म्हणजे पुढे माशाच्या काट्यासारखी दिसणारी लॉग-पिरिऑडिक अँटेना असलेला, समोरून येणारं जास्त पकडतो आणि मागचं कमी. स्रोत शोधायला तोच हवा. एकच घ्यायचा असेल तर मी दिशादर्शक घ्या असं सांगेन.

तिसरं, कमाल मूल्य पकडून ठेवण्याची सोय आणि आवाज. आवाज म्हणजे नुसतं टिकटिक करणारं इशाऱ्याचं बटण नव्हे. लहरीची चढउतार कानाला ऐकू येईल अशी सोय. स्रोत ओळखण्यात आकड्यापेक्षा तिचा जास्त उपयोग होतो.

अचूकतेबद्दल अपेक्षा माफक ठेवा. घरगुती मीटरच्या माहितीपत्रकात उणे-अधिक ३ ते ६ डीबी त्रुटी लिहिलेली असते. ३ डीबी म्हणजे शक्तिघनतेत (दर चौरस मीटरवर पडणाऱ्या शक्तीत) दुप्पट किंवा निम्मं, ६ डीबी म्हणजे चौपट किंवा पाव. तेव्हा ४०० आणि ५५० या दोन रीडिंगमधल्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. ४०० आणि ४० मधला फरक मात्र खरा.

मीटरवर वेगवेगळी एककं दिसतात. कोणतं वापरू?

कोणतंही वापरा, पण एकच वापरा आणि प्रत्येक नोंदीत लिहा. शक्तिघनता वॅट, मिलिवॅट किंवा मायक्रोवॅट प्रति चौरस मीटरमध्ये असते, विद्युतक्षेत्राची तीव्रता व्होल्ट प्रति मीटरमध्ये. रूपांतर सोपं आहे: व्होल्ट प्रति मीटरच्या आकड्याचा वर्ग करा आणि ३७७ ने भागा, उत्तर वॅट प्रति चौरस मीटरमध्ये येतं. १ व्होल्ट प्रति मीटर म्हणजे सुमारे २,६५० मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर, ०.१ व्होल्ट म्हणजे सुमारे २६.५, आणि ६१ व्होल्ट म्हणजे सुमारे १ कोटी मायक्रोवॅट, अर्थात १० वॅट.

वर्गाचा हा संबंध लक्षात ठेवला नाही तर घोटाळा होतो. व्होल्टचा आकडा निम्मा झाला की शक्तिघनता पाव होते. एकाच बदलाला एक जण "निम्म्यावर आलं" म्हणतो, दुसरा "पाऊण भाग गेलं" म्हणतो, आणि दोघेही बरोबर असतात.

एकाच जागी आकडा सारखा नाचतो. कोणता धरायचा?

कारण आजची बहुतेक उपकरणं सलग प्रसारण करत नाहीत. ती ठोक्याठोक्याने करतात. कोणी काही डाउनलोड करत नसेल तेव्हाही राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा वेळा, "मी इथे आहे" असा छोटासा संदेश सोडतो. तो एक-दोन मिलिसेकंद टिकतो. म्हणजे रिकामा राउटर शंभरातला एखाद-दुसरा भाग वेळच बोलतो, बाकी वेळ गप्प असतो.

म्हणून शिखरमूल्य आणि सरासरी यांत पन्नास-शंभरपटीचा फरक पडू शकतो, आणि दोन्ही आकडे खरे असतात. १०० मिलिवॅट एवढ्या प्रभावी ताकदीने प्रसारण करणाऱ्या स्रोतापासून मोकळ्या जागेत १ मीटरवर शिखरमूल्य सुमारे ८,००० मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर येतं. प्रसारण वेळेच्या २ टक्केच असेल तर सरासरी उरते १६० च्या आसपास. त्याच राउटरवर कोणी मोठी फाइल उतरवायला लागलं की शिखर तेवढंच राहतं आणि सरासरी झपाट्याने वर जाते.

आंतरराष्ट्रीय मर्यादा सरासरीवर आहेत. संपूर्ण शरीरासाठी ती ३० मिनिटांची धरली जाते. तेव्हा मीटरवरचं शिखर उचलून थेट त्या मर्यादेशी ताडून पाहणं चुकीचं. दुसरीकडे, स्रोत शोधायचा असेल तर शिखरच पाहायचं, कारण सरासरीत असे ठोके बुडून जातात. माझी पद्धत अशी: हिंडताना शिखर आणि आवाज; पलंगाशी आणि टेबलाशी थांबल्यावर काही मिनिटांची सरासरी; वहीत दोन्ही.

मोजायला सुरुवात कुठून करावी?

स्वतःच्या खिशातून. फोन बंद करा. नुसत्या फ्लाइट मोडवर भरवसा ठेवू नका, कारण बऱ्याच फोनमध्ये त्या मोडमध्येही वायफाय आणि ब्लूटूथ चालू राहू शकतं. मनगटावरचं स्मार्टवॉच, कानातले बिनतारी इयरफोन हेही काढून बंद करा. घरातल्या इतरांचे फोनही बंद हवेत. शेजारच्या खोलीत कोणी बोलत असलं की त्याच्या फोनचं प्रसारण मीटरवर येतं आणि मग भिंतीतून काय येतंय याचा तर्क करण्यात तास जातो.

मग पायाभूत रीडिंग घ्या. घरातली सगळी प्रसारण करणारी उपकरणं बंद करायची, शक्य असेल तर मुख्य स्विचच पाडायचा. तो पाडण्याआधी घरात कोणाचं वैद्यकीय उपकरण विजेवर चालत नाही ना, हे नक्की करा. बॅटरी-बॅकअपवर असलेला राउटर आणि बॅटरीवरचे सेन्सर मुख्य स्विच पाडूनही चालूच राहतात, ते हाताने बंद करावे लागतात. आता मीटर जे दाखवेल ते बाहेरून येतंय. खोल्याखोल्यांतून, खिडकीशी आणि खोलीच्या मध्यभागी, हे आकडे लिहा.

त्यानंतर एकेक वस्तू चालू करायची. एक चालू केली, दोन मिनिटं थांबलं, पलंगाशी मोजलं, लिहिलं, मग दुसरी. थांबणं गरजेचं आहे, कारण राउटर आणि स्मार्ट उपकरणं सुरू होताना थोडा वेळ जास्त बडबड करतात. काम कंटाळवाणं आहे, पण कोणती वस्तू किती भर घालते हे शेवटी कागदावर येतं आणि अंदाजाने एकमेकांवर ढकलायला काही उरत नाही.

मीटर धरायचा तो हात लांब करून, शरीरापासून दूर. शरीर लहरी शोषतंही आणि परतवतंही. स्रोताला टेकवूनही धरू नका. अँटेनाच्या अगदी जवळच्या क्षेत्रात मीटरचं गणित लागू पडत नाही. एखाद्या तरंगलांबीइतकं तरी अंतर हवं. २.४ गिगाहर्ट्झला ती १२.५ सेंटिमीटर, ९०० मेगाहर्ट्झला ३३. मला विचाराल तर कोणत्याही वस्तूपासून अर्ध्या मीटरच्या आत घेतलेलं रीडिंग वहीत लिहूच नका.

आवाजावरून स्रोत ओळखता येतो, हे खरं का?

खरं आहे, आणि थोड्या सरावाने कोणालाही जमतं. प्रत्येक तंत्राचे ठोके ठरलेल्या वेगाने पडतात आणि मीटर त्यांचा आवाज करतो.

रिकामा राउटर टक-टक-टक असा सेकंदाला दहाच्या गतीने वाजतो. त्यावर काही उतरवायला लागलं की टकटक मोडते आणि खरखर, चरचर सुरू होते. डेक्ट या डिजिटल प्रकारच्या कॉर्डलेस फोनचं बूड, म्हणजे हँडसेट ठेवायचा विजेला जोडलेला तळ, सेकंदाला १०० ठोके देतं. तो एकसुरी, जाडसर गुणगुणाट असतो, अजिबात न थांबणारा. जुन्या २जी फोनचे ठोके सेकंदाला २१७, म्हणून त्याचा सूर वरचा. पूर्वी फोन वाजण्याआधी रेडिओच्या स्पीकरमधून जी टर्र-टर्र यायची ती हीच. ४जी टॉवरचा आवाज सलग फसफशीसारखा. ५जी टॉवरवर गर्दी नसेल तेव्हा साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक ठोका, म्हणजे सेकंदाला ५०, अशी भरभर ऐकू येते. मायक्रोवेव्ह ओव्हन विजेच्या वारंवारतेच्या लयीत घोंघावतो. आणि दर काही सेकंदांनी एकच "टप्प" ऐकू आला, मधे पूर्ण शांतता, की तो फिरणारा रडार असण्याची शक्यता मोठी.

एका घरात झोपायच्या खोलीत उशाशीच हा १०० ठोक्यांचा गुणगुणाट होता. खोलीत एकही उपकरण नव्हतं आणि घरच्यांचा संशय समोरच्या टॉवरवर होता. खिडकीकडे गेलं की आवाज कमी व्हायचा, भिंतीकडे गेलं की वाढायचा. पलीकडच्या खोलीत, त्याच भिंतीला लावलेल्या छोट्या टेबलावर कॉर्डलेस फोनचं बूड होतं. उशीपासून मोजलं तर हातभर अंतर, मधे फक्त वीट. ॲडॉप्टर काढला आणि मीटर गप्प झाला. बूड दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं, तेवढ्यावर विषय मिटला.

वापरात नसलेली वस्तूही प्रसारण करते का?

पुष्कळ वस्तू करतात, आणि घरातला शोध बहुधा इथेच येऊन थांबतो. वायफायवाला प्रिंटर छपाई नसतानाही स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवत राहतो. वायफाय ॲनालायझरमध्ये कंपनीचं नाव आणि पुढे मॉडेल क्रमांक असं नाव दिसलं की तो तोच. स्मार्ट टीव्ही रिमोटने बंद केला तरी त्याचं वायफाय किंवा ब्लूटूथ जागं राहू शकतं. गेम कन्सोल, स्मार्ट स्पीकर, दाराची कॅमेरा-घंटा, कपाटामागे लावून विसरलेला सिग्नल वाढवणारा एक्स्टेंडर, स्मार्ट बल्ब आणि प्लग, हे सगळे या यादीत येतात.

बाळाच्या खोलीतल्या मॉनिटरकडे मी विशेष लक्ष द्यायला सांगेन. काही मॉनिटर सतत प्रसारण करतात, काही फक्त आवाज आला की. खोक्यावर किंवा सेटिंगमध्ये आवाजाने सुरू होण्याची सोय आहे का ते पाहा, आणि पाळण्याच्या कठड्याला अडकवण्याऐवजी तो दोन मीटर दूर ठेवा. त्याने मॉनिटरच्या कामात काही फरक पडत नाही.

इंटरनेट कंपनीने बसवलेल्या राउटरचीही एक गंमत नसलेली बाब आहे: कधीकधी त्यातून पाहुण्यांसाठीचं दुसरं नेटवर्क चालू असतं आणि घरच्यांना त्याची कल्पना नसते. ॲनालायझरमध्ये एकाच ताकदीची दोन नावं सोबत दिसली, घरात चालताना दोन्ही बरोबरीने चढत-उतरत असली, की ती एकाच डब्यातून येत आहेत.

दिशा कशी शोधायची?

दिशादर्शक अँटेना समोर धरून जागच्या जागी सावकाश पूर्ण फिरा. सगळ्यात मोठा आवाज कुठल्या दिशेला आहे ते पाहा. मग मनगट वळवून अँटेना उभीची आडवी करा आणि पुन्हा फिरा. लहरींना उभं-आडवं ध्रुवण असतं; अँटेना चुकीच्या पातळीत असेल तर तोच स्रोत कित्येक पट क्षीण दिसतो. ही एक पायरी बरेच जण गाळतात. जी दिशा सापडली तिची रेघ घराच्या कच्च्या नकाशावर काढा. दुसऱ्या जागी उभं राहून दुसरी रेघ. दोन्ही जिथे छेदतात तिथे जाऊन पाहा.

तीन अक्षांचा मीटर असेल तर स्वतःच्या अंगाचा आडोसा वापरा. मीटर छातीजवळ धरून फिरलात की ज्या दिशेला पाठ केल्यावर आकडा पडतो, स्रोत त्या दिशेला.

परावर्तन मात्र फसवतं. लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज यांवरून लहर परत येते आणि मीटर शपथेवर सांगतो की स्रोत कपाटातच आहे. शिवाय सरळ आलेली आणि परतलेली लहर मिळून खोलीत कमी-जास्त तीव्रतेचे पट्टे तयार होतात. २.४ गिगाहर्ट्झला दर ६ सेंटिमीटरला आणि ९०० मेगाहर्ट्झला दर १६-१७ सेंटिमीटरला शिखर येऊ शकतं. त्यामुळे एका बिंदूवरचं रीडिंग म्हणजे खोलीचं रीडिंग नव्हे. पलंगावर मोजताना मीटर डोक्यापासून पायापर्यंत हळूहळू, हवेत आठचा आकडा काढत न्या आणि त्या पट्ट्यातलं कमाल मूल्य टिपा.

समोरच मोबाइलचा टॉवर आहे. काय तपासू?

टॉवरची अँटेना टॉर्चसारखा आडवा, किंचित खाली झुकलेला झोत टाकते. म्हणून टॉवरच्या अगदी पायथ्याशी रीडिंग कमी आणि काही दशक मीटर ते दोन-तीनशे मीटर अंतरावर, झोत जिथे पोचतो तिथे, जास्त असं बरेचदा आढळतं. अँटेनाच्याच उंचीवर, समोर, मधे आडोसा नसलेल्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मोजणं नक्की सार्थकी लागतं. छतावर टॉवर असलेल्या इमारतीतल्या लोकांना सगळ्यात जास्त भीती वाटते, पण काँक्रीटची स्लॅब आणि झोताची दिशा यांमुळे खालच्या मजल्यांवर आकडा अनेकदा समोरच्या इमारतीपेक्षा कमी येतो.

घरातली सगळी उपकरणं बंद ठेवून खिडकीशी मोजा, मग खोलीत दोन मीटर आत, मग पलंगाशी. साधी काच जवळजवळ काहीच अडवत नाही. उष्णतारोधक धातूचा थर असलेली काच बरंच अडवते. खिडकी उघडी ठेवून आणि बंद करून मोजलं की तुमची काच कोणती ते लगेच कळतं. मोजणी दिवसातून निदान तीन वेळा करा, कारण टॉवरवरचा भार पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असतो.

मायक्रोवेव्ह ओव्हनची गळती मोजता येते का?

ढोबळपणे येते. आत पाण्याचा पेला ठेवून ओव्हन चालू करा. रिकामा कधीच चालवू नका. दाराच्या कडेने, अर्ध्या मीटरवरून मीटर फिरवा. दारातून होणाऱ्या गळतीची सर्वसाधारण मर्यादा ५ सेंटिमीटरवर ५० वॅट प्रति चौरस मीटर आहे, आणि ५० सेंटिमीटरवर ती गळती सुमारे शंभरावा भाग उरते. घरगुती मीटर ओव्हनजवळ सहज पल्ल्याबाहेर जातो, त्याचा अर्थ ओव्हन बिघडला असा होत नाही. दार वाकलं असेल, बिजागरी ढिली असेल किंवा रबर-पट्टीवर चिकट थर साठला असेल तर मात्र मीटरची वाट न पाहता दुरुस्ती करून घ्या. एरवी चालू ओव्हनपासून एक मीटर लांब उभं राहणं पुरतं.

स्मार्ट वीजमीटरचं काय?

काही वीजमीटर माहिती वीजतारेतूनच पाठवतात, त्यांत रेडिओ प्रसारण नसतं. जे रेडिओने पाठवतात ते अगदी छोट्या, तुरळक ठोक्यांनी. रीडिंग घ्यायचं तर कमाल मूल्य पकडण्याची सोय लावून मीटर काही तास तिथेच ठेवावा लागतो.

आणि आपला मोबाइल?

घरातल्या सगळ्या आकड्यांत शरीरापर्यंत सर्वाधिक पोचवणारा स्रोत बहुतेकांच्या बाबतीत हाच, कारण तो कानाला टेकलेला असतो. ४जी फोन जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॅटने प्रसारण करतो, पण टॉवरचा सिग्नल चांगला असेल तर त्याच्या हजाराव्या भागानेही भागवतो. म्हणून सिग्नलची एकच काडी असलेल्या कोपऱ्यात उभं राहून लांबलचक बोलणं टाळावं. टॉवर दूर गेला की टॉवरचं रीडिंग कमी होतं, पण फोन स्वतः जोर लावायला लागतो, हा व्यवहार टॉवरला विरोध करताना कोणी मोजत नाही.

घरातला मीटर फोनची ही बाजू नीट दाखवू शकत नाही. शरीराला चिकटलेल्या उपकरणासाठी एसएआर, म्हणजे दर किलो ऊतीत किती शक्ती शोषली जाते, हे माप वापरतात. त्याची मर्यादा काही देशांत १ ग्रॅम ऊतीवर सरासरी १.६ वॅट प्रति किलो, काहींत १० ग्रॅमवर २ वॅट प्रति किलो आहे. स्पीकरवर किंवा तारेच्या इयरफोनवर बोललात की अंतर वाढतं आणि हा प्रश्न जवळजवळ मिटतो.

किती रीडिंग म्हणजे जास्त?

इथे दोन पट्ट्या प्रचलित आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिली इक्निर्प या आंतरराष्ट्रीय आयोगाची. सामान्य जनतेसाठी २ गिगाहर्ट्झच्या वर १० वॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे १ कोटी मायक्रोवॅट. १,८०० मेगाहर्ट्झला ९ वॅट, ९०० मेगाहर्ट्झला ४.५ वॅट. उष्णतेचा हानिकारक परिणाम जिथे सुरू होऊ शकतो त्यापेक्षा पन्नासपट खाली शोषणाची मर्यादा धरून हे आकडे काढलेले आहेत. काही देशांनी याहून कडक आकडे ठरवले आहेत. तुमच्या देशाचा आकडा पाहा.

दुसरी पट्टी जर्मनीत तयार झालेल्या बिल्डिंग बायॉलॉजीच्या मार्गदर्शक मूल्यांची, झोपायच्या जागेसाठी. तिच्यात ०.१ मायक्रोवॅटच्या खाली सामान्य, १० च्या वर तीव्र आणि १,००० च्या वर अतितीव्र असे टप्पे आहेत. हे खबरदारीचे आकडे आहेत. त्या पातळीला अपाय होतो असं सिद्ध झाल्यामुळे ते ठरलेले नाहीत. बऱ्याच घरगुती मीटरवरचे हिरवे-पिवळे-लाल दिवे उत्पादकाने अशाच कुठल्या तरी पट्टीवर लावलेले असतात. म्हणूनच राउटरच्या खोलीत लाल दिवा लागतो, आणि तेच रीडिंग आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या हजाराव्या भागापर्यंतही पोचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना २-बी गटात, म्हणजे "कर्करोगकारक असण्याची शक्यता" या गटात ठेवलं. त्यामागचा मुख्य आधार मोबाइल फोनच्या वापरावरचे अभ्यास होते आणि पुरावा मर्यादित असल्याचं संस्थेनेच नमूद केलं.

माझं मत विचारलंत तर: पहिल्या पट्टीच्या जवळपास जाणारं रीडिंग घरात दिसलं तर आधी मीटरवर आणि मोजण्याच्या पद्धतीवर शंका घ्या, मग संबंधित यंत्रणेला कळवा. दुसऱ्या पट्टीवरचा लाल दिवा पाहून घर बदलायला निघू नका. पण जिथे काहीही न गमावता आकडा दहापट खाली येतो, उदाहरणार्थ उशाशी असलेला राउटर हलवून, तिथे तो आणायला कोणत्याही पट्टीची गरज नाही.

मला झोप लागत नाही, डोकं दुखतं. हे यामुळेच का?

त्रास खरा आहे, त्यावर शंका घेऊ नये आणि कोणी घेतली तर ती मनावर घेऊ नये. पण ज्या चाचण्यांत लहरी चालू आहेत की बंद हे सहभागी व्यक्तीला आणि तपासणाऱ्यालाही माहीत नव्हतं, त्यांत लोकांना ते ओळखता आलं नाही आणि लक्षणंही लहरींबरोबर बदलली नाहीत. तेव्हा डॉक्टरांकडे जाणं मोजणीसाठी थांबवू नका. घरात बंद खोलीतली हवा, रात्रीचा उजेड, आवाज, गॅस उपकरणातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ही कारणंही तपासा. यांतल्या शेवटच्याला तर एक दिवसही उशीर परवडत नाही.

आकडा कमी कसा करायचा?

आधी अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की शक्तिघनता पाव होते. वरच्या उदाहरणातले १ मीटरवरचे ८,००० मायक्रोवॅट २ मीटरवर २,००० आणि ४ मीटरवर ५०० होतात. भिंत मधे आली तर आणखी कमी.

मग राउटरची सेटिंग. बऱ्याच राउटरमध्ये प्रसारणाची ताकद टक्क्यांत कमी करता येते. छोट्या घरात २५ टक्क्यांवरही सगळीकडे नीट चालतं. रात्री वायफाय आपोआप बंद होईल असं वेळापत्रकही लावता येतं. टीव्ही, डेस्कटॉप, कन्सोल यांसारख्या जागेवरून न हलणाऱ्या वस्तूंना लॅन केबल द्या आणि त्यांचं वायफाय सेटिंगमधून बंद करा. केबल लावली तरी वायफाय आपोआप बंद होईलच असं नाही. कॉर्डलेस फोन घेताना हँडसेट बुडावर नसतानाही प्रसारण थांबवणारा पूर्ण इको मोड आहे का ते विचारा. नुसत्या "इको" शब्दाचा अर्थ कधीकधी केवळ कमी ताकद एवढाच असतो. प्रिंटरचं स्वतःचं नेटवर्क त्याच्या मेन्यूतून बंद होतं.

स्टिकर, पडदे, रंग यांचा उपयोग होतो का?

फोनवर लावायचे स्टिकर घेऊ नका. ज्याने काहीच अडत नाही तो निरुपयोगी. आणि अँटेना खरोखर झाकणारा असेल तर फोन टॉवरपर्यंत पोचायला आणखी जोर लावतो.

धातूच्या धाग्यांचं कापड आणि कार्बनयुक्त रंग लहरी अडवतात हे खरं. २० डीबी म्हणजे शंभरावा भाग, ३० डीबी म्हणजे हजारावा भाग आत येतो. पण स्रोत बाहेर आहे हे पायाभूत रीडिंगवरून पक्कं झाल्याशिवाय यावर पैसे घालू नका. स्रोत घरातच असेल तर भिंतीचा धातूचा थर त्या लहरी परत खोलीत फेकतो, आणि अशा खोलीत मोबाइल चालू ठेवला तर तो सगळा जोर लावून टॉवर शोधत बसतो. वाहक रंगाला अर्थिंग लागतं. वायरिंगमध्ये दोष असेल तर ती अख्खी भिंत विजेच्या धक्क्याचं कारण होऊ शकते. ते काम वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्या. आणि थोडा पडदा लावून, खालची फट तशीच ठेवून काही साधत नाही. लहर फटीतून येते.

नोंद कशी ठेवावी?

तारीख, वेळ, खोली, नेमकी जागा, जमिनीपासून उंची, मीटरचं मॉडेल, एकक, शिखर की सरासरी, अँटेना उभी की आडवी, कोणती उपकरणं चालू होती, खिडकी उघडी की बंद. आवाज कसा होता तेही शब्दांत लिहा, किंवा दुसऱ्या खोलीतून आणलेल्या साध्या रेकॉर्डरवर तो टिपा. त्या कामाला फोन वापरलात तर तोच रीडिंगमध्ये उतरेल. एखादा बदल केल्यावर त्याच जागी, त्याच उंचीवर, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा मोजा.

एवढी नोंद हातात असेल आणि तरीही एखादा ठोका कशाचा आहे ते सापडत नसेल, तर स्पेक्ट्रम ॲनालायझर असलेल्या तज्ज्ञाला बोलवा. ते यंत्र प्रत्येक वारंवारता वेगळी दाखवतं, त्यामुळे टॉवर, टीव्हीचं प्रक्षेपण आणि शेजाऱ्यांचं वायफाय यांची सरमिसळ सुटते. मोजायला येणारी व्यक्ती संरक्षक रंग किंवा पडदेही विकत असेल तर मोजणी एकाकडून आणि माल दुसऱ्याकडून घ्या. मोजणीच्या अहवालात वारंवारतांची यादी, यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालं आणि त्रुटीची मर्यादा या तीन गोष्टी लेखी मागा.